कंपनीच्या नावावर पसंतीची नंबर प्लेट: ब्रिटनमधल्या छोट्या कंपनीसाठी कराचा हिशेब

ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कंत्राटी काम करणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो: मनासारखा नंबर मिळतोय, कंपनीच्या खात्यातून घेतला तर कर वाचेल का? वाचला तर थोडासा, आणि तोही बहुतेक वेळा उधारीवर. नंबर विकला की वाचवलेला कर परत भरावा लागतो. उलट नावांचा घोळ झाला, तर संचालकावर वैयक्तिक आयकर आणि कंपनीवर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी, असा दुहेरी फटका बसतो. म्हणून आधी हक्क कोणाचा हे ठरवायचं आणि मग पैसे भरायचे. खाली दिलेले दर २०२५-२६ या करवर्षाचे आहेत.

विकत नेमकं काय मिळतं

महाराष्ट्रात आरटीओला शुल्क भरून पसंतीचा क्रमांक घेतला, तर तो काही बाजारात विकता येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र नंबरांचा रीतसर बाजार आहे. डीव्हीएलए, म्हणजे स्वान्झीचं वाहन नोंदणी खातं, १९८९ पासून असे नंबर विकतं, लिलावही करतं. २०१४ मध्ये ‘२५ ओ’ हा नंबर सगळा खर्च धरून ५ लाख १८ हजार पाउंडांना गेला होता.

तरीही नंबर तुमच्या मालकीचा होत नाही. तुम्हाला मिळतो तो फक्त वापरण्याचा हक्क. गाडीवर चढवण्याआधी हा हक्क कागदावर असतो: नवा घेतलेला असेल तर व्ही ७५० हे प्रमाणपत्र, गाडीवरून काढून राखून ठेवलेला असेल तर व्ही ७७८. दोन्हींची मुदत १० वर्षं आणि नूतनीकरण फुकट. मुदत उलटू दिली, तर हक्क जातो आणि पैसेही परत मिळत नाहीत. या तारखेची आठवण कंपनीच्या कॅलेंडरमध्ये लावा, संचालकाच्या फोनमध्ये नको.

गाडीला लावायच्या पट्ट्या ही वेगळी वस्तू. नोंदणीकृत विक्रेत्याकडे ओळखपत्र आणि हक्काचा कागद दाखवून त्या बनवून घ्यायच्या. त्यांचा खर्च किरकोळ असतो, तो गाडीच्या देखभाल खर्चात टाकता येतो. खाली जो काही कीस पाडला आहे, तो नंबरच्या हक्काबद्दल आहे.

पायरी १: खरेदीआधी हेतू लिहून ठेवा

समजा संचालकाचं आडनाव कदम आहे आणि ‘के ४ डीएएम’ हा नंबर विक्रीला आहे. चारचा आकडा इंग्रजी ‘ए’सारखा वाचला की झालं ‘कदम’. कंपनीचं नावही कदम याच शब्दानं सुरू होत असेल, ते व्हॅनवर, वेबसाइटवर, बिलांवर असेल आणि ग्राहक त्याच नावानं ओळखत असतील, तर व्यवसायाचा हेतू मांडता येतो. पण कंपनीचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं काहीतरी आहे, ग्राहक म्हणजे एकच बँक, आणि गाडी रोज शाळेच्या फाटकाशी उभी असते, अशा वेळी ‘जाहिरातीसाठी घेतला’ हे एचएमआरसीच्या, म्हणजे करखात्याच्या, गळी उतरणार नाही. अशी प्रकरणं व्हॅट न्यायाधिकरणापर्यंत गेलेली आहेत. तिथे प्रश्न एकच असतो: घेताना हेतू काय होता? सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची.

खरेदीच्या आधीच्या तारखेचा संचालक मंडळाचा ठराव करा. मंडळात तुम्ही एकटेच असलात तरी करा. नंबर कशासाठी, कोणत्या गाडीवर, त्यातून ग्राहकांना कंपनी कशी ओळखू येणार, हे चार ओळींत लिहा. तपासणीची नोटीस आल्यावर लिहिलेल्या ठरावाला काडीची किंमत नसते. ठराव लिहिताना स्वतःलाच हसू येत असेल, तर नंबर स्वतःच्या पैशांनी घ्या, म्हणजे पुढचं बरंचसं वाचायची गरजच उरणार नाही.

पायरी २: कागदावर नाव कोणाचं

गडबड होते ती बहुतेक इथेच. व्ही ७५० वर खरेदीदाराचं नाव असतं, शिवाय ‘नॉमिनी’ म्हणून, म्हणजे नंबर ज्याच्या गाडीवर चढवायचा त्याचं, आणखी एक नाव घालता येतं. कंपनीनं घ्यायचा असेल, तर खरेदीदार म्हणून कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव घाला, अगदी ‘लिमिटेड’सकट. पैसे कंपनीच्या खात्यातून भरा आणि पावतीही त्याच नावानं घ्या. संचालकानं स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या कार्डानं घेऊन मग कंपनीकडून ‘खर्च’ म्हणून पैसे उचलले, तर तो पगार ठरतो. त्यावर पेरोलमधून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स दोन्ही लागतात.

दुसरा सापळा नंबर गाडीवर चढल्यानंतरचा. तेव्हापासून हक्क गाडीला चिकटतो, आणि तो काढून राखून ठेवण्याचा अर्ज फक्त त्या गाडीचा रजिस्टर्ड कीपर करू शकतो. कीपर म्हणजे व्ही५सी या लॉगबुकवर ज्याचं नाव आहे तो. कंपनीनं घेतलेला नंबर संचालकाच्या खाजगी गाडीवर चढवलात, तर व्यवहारात तो संचालकाला देऊन टाकला असं धरलं जाऊ शकतं. गाडी लीजवर असेल, तर कीपर बहुधा लीज कंपनी असते. मग आधी त्यांची लेखी परवानगी लागते, शिवाय ते त्याचं शुल्क घेतात, आणि लीज संपायच्या आत नंबर काढून घेतला नाही तर गाडीबरोबर तोही जातो. हे वारंवार घडतं, आणि नंतर कितीही पत्रव्यवहार केला तरी नंबर हाती लागेलच असं नाही.

पायरी ३: बिलाची फोड

डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर जी किंमत दिसते, तिच्यात व्हॅट आणि ८० पाउंडांचं असाइनमेंट शुल्क, म्हणजे नंबर गाडीवर चढवण्याचं शुल्क, दोन्ही धरलेलं असतं. या ८० पाउंडांवर व्हॅट नाही. हिशेबनीस नवा असेल, तर सगळ्या रकमेचा सहावा भाग व्हॅट म्हणून काढतो, आणि तिथेच चूक होते. आधी ८० वजा करायचे.

४९९ पाउंडांच्या नंबराची फोड अशी: ४९९ मधून ८० गेले, उरले ४१९. त्याचा सहावा भाग ६९.८३ हा व्हॅट. बाकी ३४९.१७ ही नंबरची मूळ किंमत. व्हॅट परत घेणार असाल, तर पुस्तकात हक्काची किंमत ३४९.१७ अधिक ८०, म्हणजे ४२९.१७ पाउंड, आणि ६९.८३ व्हॅटच्या खात्यात. व्हॅट घेता येत नसेल, तर सगळेच्या सगळे ४९९ हक्काच्या किमतीत.

लिलावात घेतला, तर हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराचं प्रीमियम, त्या दोन्हींवर २० टक्के व्हॅट, वर ८० पाउंड. बोली लावताना हे डोक्यात नसेल, तर बिल पाहून डोळे पांढरे होतात. खाजगी माणसाकडून घेतला, तर व्हॅटचा प्रश्नच नाही, कारण त्यानं तो लावलेलाच नसतो.

पायरी ४: व्हॅट परत मिळतो का

कंपनी व्हॅटसाठी नोंदलेली असेल आणि खरेदी व्यवसायासाठी असेल, तर मिळतो. खाजगी वापराच्या कारच्या खरेदीवरचा व्हॅट कंपनीला परत घेता येत नाही, हे अनेकांना माहीत असतं, आणि ते तोच नियम नंबरला लावतात. पण नंबर म्हणजे कार नव्हे. त्याचा निकाल स्वतंत्रपणे, हेतूवर लागतो. कारचा व्हॅट अडकला म्हणून नंबरचाही अडकत नाही. तसंच, कार कंपनीची आहे एवढ्यावर नंबरचा व्हॅट आपोआप सुटतही नाही.

फ्लॅट रेट योजनेत, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी व्हॅट भरण्याच्या योजनेत असाल, तर दार बंद. त्या योजनेत २,००० पाउंड किंवा त्याहून जास्त किमतीच्या भांडवली वस्तूंवर व्हॅट परत घेता येतो खरा, पण ती सवलत वस्तूंना आहे. नंबरचा हक्क ही करापुरती सेवा, वस्तू नाही. नंबर ५,००० पाउंडांचा असला तरी फरक पडत नाही.

पायरी ५: कॉर्पोरेशन टॅक्स, म्हणजे कंपनीच्या नफ्यावरचा कर

नंबरची किंमत जाहिरात खर्चात टाकून त्याच वर्षी नफ्यातून वजा करायचा मोह टाळा. हा भांडवली खर्च आहे. यंत्रसामग्रीवर मिळते ती भांडवली सवलतही इथे लागू नाही, कारण हक्क हाताला लागत नाही. तो ‘प्लांट’ ठरत नाही. कारच्या किमतीत मिसळून कारवरची सवलत वाढवता येईल का? नाही, तेही चालत नाही.

उरते ती अमूर्त मालमत्तेची वाट. कॉर्पोरेशन टॅक्स कायदा २००९ च्या आठव्या भागात, कंपनीच्या कामात कायम वापरण्यासाठी घेतलेल्या अमूर्त मालमत्तेचा ताळेबंदातला घसारा करासाठी वजा करता येतो. व्यवसायाचा हेतू नसेल, तर या वाटेनंही काही मिळत नाही. एफआरएस १०२ या लेखामानकाप्रमाणे आयुष्याचा विश्वासार्ह अंदाज करता येत नसेल, तर घसारा जास्तीत जास्त १० वर्षांत संपवायचा. त्याऐवजी दर वर्षी किमतीच्या ४ टक्के असा ठरावीक दरही निवडता येतो. ही निवड खरेदीच्या हिशेबी वर्षाच्या अखेरीपासून २ वर्षांत करायची असते, आणि केली की बदलता येत नाही. छोट्या कंपनीसाठी ती सहसा फायद्याची नाही.

व्हॅट वगळून ५,००० पाउंडांचा नंबर धरू. १० वर्षांचा घसारा म्हणजे वर्षाला ५००. कंपनीचा नफा ५० हजार पाउंडांच्या आत असेल, तर कर १९ टक्के, म्हणजे वर्षाला ९५ पाउंड वाचले. ४ टक्क्यांनी गेलात, तर ३८. एवढ्यासाठी ठराव, नोंदी आणि हिशेबनिसाची फी परवडते का, हे आपलं आपण पाहावं.

आता पुढचं. चार वर्षांनी पुस्तकात किंमत उरली ३,०००, आणि नंबर व्हॅट सोडून ५,००० लाच विकला. वरचे २,००० पाउंड त्या वर्षीच्या उत्पन्नात येतात. चार वर्षांत ३८० पाउंड वाचले होते. १९ टक्क्यांनीच कर लागला, तर तेवढेच परत गेले. पण त्या वर्षी धंदा चांगला झाला आणि नफा ५० हजार ते अडीच लाखांच्या पट्ट्यात गेला, तर वरच्या प्रत्येक पाउंडावर प्रत्यक्षात २६.५ टक्के कर पडतो. मग २,००० वर ५३० पाउंड भरावे लागतात, म्हणजे वाचवलेल्यापेक्षा १५० जास्त. नंबरची किंमत सहसा कारसारखी झिजत नाही, त्यामुळे घसाऱ्याची सूट ही बहुधा उसनवारीच असते.

पायरी ६: संचालकावर कर लागतो का

कंपनीची कार, कंपनीच्याच नावावरचा हक्क, कीपर कंपनी, अशी तिन्ही ठिकाणं जुळली, तर संचालकाला वेगळा कर नाही. कंपनीच्या कारवर जो लाभ-कर लागतो, तो कारच्या यादीतल्या किमतीवर आणि जोडलेल्या साधनांवर. नंबरचा हक्क अशा साधनांत धरला जात नाही. इलेक्ट्रिक कारला २०२५-२६ मध्ये हा दर ३ टक्के आहे. समजा तुमच्या हिशेबनिसानं ५,००० पाउंडांचा नंबर चुकून कारच्या किमतीत मिळवला, तर १५० पाउंडांचा लाभ उगाच वाढून दिसेल. पी११डी, म्हणजे असे लाभ करखात्याला कळवायचा फॉर्म, भरताना ही रक्कम तपासून पाहा.

तीनपैकी एकही नाव फिरलं, की चित्र बदलतं. पैसे कंपनीचे आणि हक्क संचालकाचा असेल, तर नंबरची किंमत हा संचालकाला मिळालेला लाभ. तो पी११डीवर ६ जुलैपर्यंत दाखवायचा. त्यावर संचालकाला आयकर, आणि कंपनीला १५ टक्के क्लास १ए, म्हणजे अशा लाभांवरचा, नॅशनल इन्शुरन्स. हक्क कंपनीचाच, पण गाडी संचालकाची खाजगी, अशा अर्धवट मांडणीत मालमत्ता वापरायला दिल्याचा लाभ, म्हणजे दर वर्षी किमतीच्या २० टक्के, मांडला जाण्याची शक्यता असते. ही मांडणी करूच नका.

चूक वेळेत लक्षात आली, तर सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे रक्कम संचालकाच्या कर्ज खात्यावर टाकणं. कंपनीनं संचालकासाठी पैसे खर्च केले आणि तो ते परत देणं लागतो, इतकाच त्याचा अर्थ. हिशेबी वर्ष संपल्यापासून ९ महिने आणि १ दिवसाच्या आत फेडलं, तर संचालकाच्या थकलेल्या कर्जावर कंपनीला लागणारा कलम ४५५ चा कर लागत नाही. नाही फेडलं, तर थकलेल्या रकमेच्या ३३.७५ टक्के. हा दर लाभांशाच्या वरच्या दराला बांधलेला आहे, तो बदलला की हाही बदलतो. शिवाय कर्ज खात्यावरची एकूण उधारी १०,००० पाउंडांच्या वर गेली आणि व्याज घेतलं नाही, तर बिनव्याजी कर्जाचा लाभही कराच्या कक्षेत येतो.

‘मग स्वतःच घेतलेला काय वाईट?’ असं कोणी विचारेल. लाभांश काढून घ्यायचा, तर ३३.७५ टक्के दराच्या माणसाला ५,००० हातात पडण्यासाठी सुमारे ७,५४७ पाउंडांचा लाभांश काढावा लागतो. हे महाग आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण नंबर कायम तुमचा राहतो, विकताना व्हॅट लावावा लागत नाही, आणि नफा झाला तर वर्षाला ३,००० पाउंडांची भांडवली नफ्यावरची सूट मिळते. ही सूट कंपनीला नाही. आडनावाचा नंबर आयुष्यभर ठेवायचाय त्यानं स्वतः घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक गैरसमज इथेच मिटवू. खाजगी कारच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, म्हणून नंबरवरही लागत नाही, असं अनेक जण धरून चालतात. कारची माफी नंबरला नाही. ६,००० पाउंडांपर्यंतच्या वस्तूंना जी सवलत आहे, तीही नाही; ती हाताला लागणाऱ्या वस्तूंसाठी आहे. ३,००० च्या वरच्या नफ्यावर तुमच्या उत्पन्नाप्रमाणे १८ किंवा २४ टक्के कर बसतो.

गाडीवर चढवताना

नंबर गाडीला तिच्या वयापेक्षा नवी दाखवणारा चालत नाही. ‘के ४ डीएएम’ मधलं ‘के’ ऑगस्ट १९९२ पासूनच्या नोंदणीचं, म्हणजे त्याआधी नोंदलेल्या जुन्या गाडीवर तो बसणार नाही. ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर असलेल्या गाडीवरही पसंतीचा नंबर चढत नाही. गाडी डीव्हीएलएकडे नोंदलेली हवी, आणि तिचा रस्ता कर भरलेला किंवा ती रस्त्याबाहेर असल्याचं रीतसर कळवलेलं हवं.

ऑनलाइन अर्जात नंबर लगेच बदलतो. त्यामुळे पट्ट्या आधी बनवून हातात ठेवा. नव्या पट्ट्या लावल्याशिवाय गाडी हलवू नका. अक्षरांमधली जागा आपल्या मनानं सरकवून ‘कदम’ सलग दिसेल असं करायला गेलात, तर १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते. मग विमा कंपनीला कळवा. लंडनमध्ये किंवा लंडनजवळ असाल, तर कंजेशन चार्ज, यूलेझ (प्रदूषणावरचं शुल्क) आणि डार्टफर्ड क्रॉसिंगच्या टोलची ऑटो-पे खाती, शिवाय कौन्सिलचा पार्किंग परवाना, हे त्याच दिवशी बदला. जुन्या नंबरवर ऑटो-पे चालू राहिलं, तर नव्या नंबरला दंडाच्या नोटिसा येतात. हे दंड कंपनीच्या करातून वजा होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

विकताना, आणि कंपनी बंद करताना

व्हॅट नोंदणी असलेल्या कंपनीनं व्यवसायाची मालमत्ता म्हणून ठेवलेला नंबर विकला, तर २० टक्के व्हॅट लावावा लागतो. खाजगी गिऱ्हाईक ‘६,००० देतो’ म्हणालं, तर त्यातले १,००० व्हॅटचे. तुमच्या हाती ५,०००. सौदा ठरवतानाच हे बोलून घ्या. नंबर गाडीवर असेल, तर आधी ८० पाउंड भरून काढा, व्ही ७७८ हाती येऊ द्या, आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच कागद सोडा.

संचालक स्वतः कंपनीकडून कार विकत घेतो, तेव्हा नंबर कारवरच राहिला असेल तर तो कारबरोबर त्याच्याकडे जातो. कारची किंमत बाजारभावानं लावली आणि नंबरची लावलीच नाही, असं होतं. मग नंबरचा त्या दिवसाचा बाजारभाव हा संचालकाचा लाभ ठरतो. कंपनीच्या हिशेबातही विक्री बाजारभावानंच धरली जाते, कारण दोघं संबंधित पक्ष. दोन-तीन नंबर विक्रेत्यांकडून लेखी किंमत घ्या, ती फाइलला लावा, आणि कारचा कागद करण्याआधी नंबर राखून ठेवा. या फाइलमधले कागद ६ वर्षं जपायचे असतात.

कंत्राट संपलं, कायम नोकरी लागली, भारतात परतायचं ठरलं, म्हणून कंपनी रजिस्टरमधून काढायचा अर्ज करता, तेव्हा ताळेबंदातली ती अमूर्त मालमत्तेची ओळ विसरू नका. कंपनी विसर्जित झाली त्या दिवशी तिच्या नावावर जे काही उरलं असेल, ते कायद्यानं राजसत्तेकडे जातं. त्यात व्ही ७५० वरचा नंबरही आला. अर्जाच्या आधी तो विका, किंवा बाजारभावानं स्वतःच्या नावावर घ्या आणि त्याची नोंद शेवटच्या हिशेबात दाखवा.